दोन इंधनांची गाडी : आधी पंप कुठे आहे ते पाहा

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापूस जिनिंगला न्यायचा, ज्वारी बाजारात न्यायची, येताना खताची पोती आणायची. प्रत्येक वेळी भाड्याची गाडी सांगावी लागते. हंगामात गाडीवाला म्हणेल तो दर. म्हणून गावोगावची पोरे आता स्वतःची छोटी मालगाडी घ्यायची म्हणतात. शोरूमवाला सांगतो, गॅस आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी घ्या, पैसे वाचतील. माझ्या दारात अशी गाडी आहे, मीच ती चालवतो. पैसे वाचतात का? वाचतात. पण कोणाचे, ते पाहू.

आधी एक समजून घ्या. हा घरच्या चुलीचा गॅस नव्हे. घरच्या टाकीत एलपीजी असतो, तो थोड्या दाबाने पातळ होतो. सीएनजी म्हणजे मिथेन. तो वायूच राहतो, म्हणून 200 बार दाबाने जाड टाकीत कोंबावा लागतो. गाडीच्या टायरात हवा असते तीन-चार बार, यावरून अंदाज करा. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात, इंजिन तापले की गॅसवर जातात आणि गॅस संपला की पुन्हा पेट्रोलवर येतात. वाटेत थांबायचे काम नाही.

पण ही जाड टाकी वजनदार असते. मारुतीच्या सुपर कॅरीचेच पाहा. कंपनीच्या कागदावर पेट्रोलवाली 740 किलो माल नेते, गॅसवाली 625 किलो. म्हणजे दर फेरीला ज्वारीचे एक पोते त्या टाकीने आधीच खाल्ले! कापसाला हे जाणवत नाही, कारण कापसाने गाडी वजनाआधी उंचीने भरते. शिवाय त्या गाडीत पेट्रोलची टाकी अवघी 5 लिटरची. गॅस मिळाला नाही, तर पेट्रोलवर लांबचा पल्ला मारता येत नाही.

आता हिशेब. एक किलो गॅसमध्ये सुमारे दीड लिटर पेट्रोलइतकी उष्णता असते. भाव रोज बदलतात, म्हणून मी सोपे आकडे धरतो, तुम्ही आपल्या गावचे घाला. पेट्रोल 105 रुपये, माल भरून लिटरला 15 किलोमीटर. किलोमीटरला 7 रुपये पडले. गॅस 90 रुपये, किलोला 20 किलोमीटर. साडेचार रुपये पडले. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले. गॅसच्या गाडीला 90 हजार जास्त मोजले असतील, तर ते फिटायला 36 हजार किलोमीटर गाडी पळायला हवी. शहरातला भाजीवाला ते वर्षभरात करतो. आपली गाडी पळते हंगामात.

आणि खरी मेख पुढे आहे. टाकीत 8 किलो गॅस बसला, तर 160 किलोमीटर जाता येते. पंप तुमच्या गावापासून 40 किलोमीटरवर, आणि तिकडे दुसरे काम नाही. जाऊन-येऊन 80 किलोमीटर गेले. उरलेल्या 80 साठी 720 रुपये पडले, म्हणजे किलोमीटरला 9 रुपये. पेट्रोलपेक्षा महाग! पंप बाजाराच्या वाटेवर असेल तरच हा व्यवहार जमतो. तसा असेल तर बेलाशक घ्या. नसेल, तर शोरूममधला चहा पिऊन परत या.

पंपाचीही जात पाहा. ज्या पंपाला पाइपलाइन नाही, तिथे सिलिंडर लादलेल्या ट्रकने गॅस येतो. त्यांतला दाब उतरला की तुमची टाकी अर्धीच भरते, आणि मागे रांग असतेच.

हा गॅस स्वस्त राहील का? एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीएनजीवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने जुन्या विहिरींच्या गॅसचा भाव कच्च्या तेलाच्या 10 टक्के ठरवला आणि वर मर्यादा घातली. ऑक्टोबर 2024 पासून शहर गॅस कंपन्यांना मिळणारा हा स्वस्त गॅस कमी केला. म्हणजे भाव दिल्लीच्या कागदावर हलतो. कापूसवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

चढावर गॅसची ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी पडते, कारण गॅस इंजिनात हवेची जागा अडवतो. भरल्या गाडीने घाट चढताना बटण दाबून पेट्रोलवर घ्या. आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर चालवाच, नाहीतर पेट्रोल टाकीत शिळे होते.

आगीचे सांगतो, कारण आपण कापूस आणि कडबा नेतो. मिथेन हवेपेक्षा हलका, उघड्यावर वर निघून जातो. पण बंद गोठ्यात छपराखाली साचतो. गाडी तिथे लावू नका. घरची एलपीजी टाकी गाडीला जोडणारे मिस्त्री आहेत, त्यांच्या दारात उभे राहू नका. तो गॅस जड, खाली बसतो, आणि एक ठिणगी पुरते. शिवाय ते बेकायदा आहे. बाहेरून किट बसवले तर ते आरसी बुकात चढवून घ्या, नाहीतर विमावाला हात वर करील. टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तारीख टाकीजवळच्या पट्टीवर असते. जुनी गाडी घेताना आधी ती पट्टी वाचा.

माझी गाडी मंडपामागे उभी आहे. जेवणानंतर ज्यांना टाकी, दाबाचा काटा आणि बटण पाहायचे आहे त्यांनी या. विडी मात्र इथेच विझवून या.