मोजून कमी करण्याची विद्या



यंत्र म्हटले की शक्ती वाढविणारे, अशी आपली समजूत. आज आम्ही बोलणार आहोत ते शक्ती कमी करणाऱ्या यंत्राविषयी. त्याचे नाव अ‍ॅटेन्युएटर. रेडिओलहरींचा जोर मोजून उतरविणे, एवढेच त्याचे काम.

हे काम आपल्या उपनगरांचेच आहे. १९७३ साली अंधेरीस सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले, ते प्रथम केवळ इलेक्ट्रॉनिक मालासाठी. १९८४ साली पवईस सूक्ष्मलहरींच्या संशोधनासाठी ‘समीर’ ही सरकारी संस्था निघाली.

आता असे पाहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते. मग अंधेरीस तयार झालेला बिनतारी संच मुलुंडला ऐकू शकेल की नाही, हे पाहण्यास दर संचामागे मुलुंड गाठावयाचे काय? नाही. टेबलावरच मध्ये अ‍ॅटेन्युएटर जोडतात, म्हणजे तेवढे अंतर जागच्या जागी निर्माण होते.

याचे माप डेसिबेल. १० डेसिबेल उतरविले की शक्तीचा दहावा हिस्सा उरतो. २० उतरविले की शंभरावा. ६० उतरविले की दहा लाखांतला एक. पेटीत १, २, ४, ८, १६ आणि ३२ डेसिबेलचे टप्पे असतात. वाण्याच्या वजनांसारखेच हे. ३७ हवेत? ३२, ४ आणि १ घाला. सहा वजनांत शून्यापासून ६३ पर्यंत कोणताही आकडा जुळतो.

पूर्वी ही वजने कामगाराचा हात बदलीत असे. आता संगणक हुकूम सोडतो आणि आतले रिले किंवा डायोड टप्पे बदलतात. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. सूर्यासारख्या प्रखर उगमाकडे पाहताना तेथेही १४, ३० किंवा ४४ डेसिबेल उतरविण्याची सोय आहे. मैलोगणती पसरलेल्या तबकड्यांकडे दर वेळी माणूस कोठून धावणार? तेव्हा यंत्राच्या हुकुमाशी आमचे भांडण नाही.

भांडण निराळे आहे. रिलेचे टोक झिजते, तारेचा जोड सैल होतो. पडद्यावर ३० दिसते आणि प्रत्यक्षात ३१ उतरतात. एक डेसिबेलची चूक म्हणजे शक्तीत सुमारे पाचव्या हिश्श्याची चूक! मग चांगला संच बहिरा ठरतो. उलट उतार कमी पडला तर खरोखरीचा बहिरा संच पास होऊन जातो. आणि नापास मालाचा ढीग वाढला की जाब कोणाला? टेबलावर बसलेल्या मुलीला! हाताचे काम यंत्राकडे गेले, जबाबदारी मात्र तिच्याकडेच राहिली.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. अ‍ॅटेन्युएटर प्रमाणित मापाशी शेवटी केव्हा ताडून पाहिला, ती तारीख कामगाराला दिसेल अशी लावा. डेसिबेलचा हिशेब तिला शिकवा. तो पाढ्यांहून अवघड नाही. नापास माल एकाएकी वाढला तर आधी यंत्र तपासा, मग माणूस. आणि शंका आली तर काम थांबविण्याचा अधिकार तिला द्या.

वाण्याचे वजन तपासून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. ज्या वजनावर आपली भाकरी तोलली जाते, ते तपासण्याचा हक्क कामगाराला का नसावा? याचा विचार आपण करावा.