कुंपण, कंत्राट आणि ज्ञातिबंधुत्व
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्या, विवाह आणि व्यवसाय या विषयांवर थोर वक्त्यांची भाषणे आपण ऐकत आला आहात. आमचा विषय त्या मानाने अगदी लहान, म्हणजे परसदारचे काटेरी कुंपण हा आहे. तथापि घर बांधणे, छप्पर घालणे, विहिरीस कठडा करणे, असे एखादे काम कंत्राटाने दिले नाही असे कुटुंब आपल्यात क्वचितच सापडेल. त्यातील पुष्कळ कामे आपण आपल्याच माणसांस देतो. म्हणून हा विषय केवळ आमच्या परसापुरता नाही.

प्रथम हकीकत सांगतो. सेवानिवृत्तीनंतर आम्ही परसात लिंबू, शेवगा, डाळिंब अशी झाडे लावली. मोकाट गुरांचा उपद्रव होऊ लागला, तेव्हा 2023 च्या वैशाखात तीन बाजूंनी मिळून 165 फूट कुंपण घालण्याचे ठरविले. काम ज्यांस दिले ते आपल्याच ज्ञातीचे. त्यांचे नाव येथे घेणे उचित नाही. एकूण 36,000 रुपये ठरले. दोघांच्या सह्यांची एक पानी चिठ्ठी झाली: लोखंडी अँगलचे 18 खांब, दोन खांबांतील अंतर 10 फूट, खड्डा 2 फूट खोल, कोपऱ्याच्या खांबांस तिरपे टेके, तारेचे 9 पदर. रक्कम कामाच्या टप्प्यांप्रमाणे देण्याचे ठरले. त्यातील 22,000 रुपये आम्ही दिले होते व 14,000 रुपये शेवटच्या पाहणीनंतर द्यावयाचे होते.

आम्ही चार दिवस लग्नकार्यास परगावी गेलो असता काम उरकले गेले. परत येऊन मोजतो तो खांब 14 भरले! टेका एकही नव्हता. विचारता उत्तर मिळाले, "गुरुजी, चौदा खांबांत भागतंय. उगाच लोखंड कशाला वाढवायचं?" पुढे मृगाचा पाऊस झाला आणि पाच खांब परसाच्या आत कलले, तारा सैल होऊन लोंबू लागल्या. कुंपणच शेत खाते ही म्हण आम्ही मुलांस चाळीस वर्षे शिकविली. येथे तर कुंपणास गाईने ढुशीही न देता ते आमच्या लिंबावर येऊन पडले.

आता यातील शास्त्र पाहू. काटेरी तार ताणली म्हणजे ती प्रत्येक कोपऱ्याच्या खांबास आतल्या अंगास अहोरात्र ओढीत असते. तो ताण तिरप्या टेक्याने पेलावयाचा असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नमुन्यात 1.2 मीटर उंचीच्या कुंपणास दर 3 मीटरवर एक खांब सांगितला आहे. आणि कोपऱ्याच्या खांबास दोन्ही बाजूंनी टेके. खांबाचा मोठा भाग जमिनीत जातो तो उगाच नव्हे. त्यातून आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. तिच्यात खोली कमी करून चालत नाही. शिवाय काँक्रीट घातल्यावर ते निदान 7 दिवस, कडक उन्हात 10 दिवस, ओले ठेवावे लागते. आमच्या येथे आज काँक्रीट घातले आणि उद्या तार ताणली, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

कंत्राटदारांचे म्हणणे असे की, "पाऊसच तसा झाला, त्याला मी काय करणार?" यावर वाद न घालता आम्ही दोन शेजाऱ्यांस बोलाविले. कंत्राटदारांसही निरोप दिला. ते आले नाहीत. सर्वांसमक्ष एक कललेला खांब उकरला. खड्डा 14 इंच भरला. फितीसह छायाचित्रे काढली व तारीख घालून टिपण केले. त्यानंतर साध्या मराठीत एक पत्र लिहून ते पोचपावतीसह टपालाने धाडले: राहिलेले चार खांब घालावे, कललेले पाच पुन्हा पुरावे, टेके द्यावे, पंधरा दिवसांत काम सुरू करावे, पूर्ण होताच 14,000 रुपये रोख मिळतील. पत्रात एकही कठोर शब्द नव्हता.

पत्र पोचताच ज्ञातीत गवगवा झाला. "जातीतल्या माणसाला नोटीस पाठवता काय?" असा सवाल काही वडील मंडळींनी केला. आम्हांस दोन प्रकारचे सल्ले मिळाले. पहिला असा की, आपलाच माणूस आहे, पैसे देऊन टाका आणि विषय संपवा. दुसरा याच्या उलट: त्यास ज्ञातीतील कोणी काम देऊ नये, लग्नकार्यास बोलावू नये, म्हणजे ताळ्यावर येईल. हे दोन्ही सल्ले प्रेमापोटीच होते. पण दोन्ही आम्ही नाकारले. त्याची कारणे सांगणे हाच या भाषणाचा मुख्य हेतू आहे.

पहिल्या सल्ल्याने अपुऱ्या कामास ज्ञातीचे पांघरूण मिळते. आज गुरुजींचे कुंपण. उद्या एखाद्या विधवा भगिनीच्या घराचा स्लॅब. आपला माणूस म्हणून काम देणे हे बंधुत्व खरे. आपला माणूस म्हणून खोटे माप सोसणे हे बंधुत्व नव्हे. जो प्रामाणिक कारागीर 18 खांबांचा खरा हिशेब सांगतो, त्याचा दर चढा दिसून त्याचे काम जाते. म्हणजे अन्याय त्याच्यावरही होतो.

दुसरा सल्ला तर धोक्याचा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे. तो 2017 च्या जुलैपासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कारावास, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायदा नसता तरी आम्ही तेच म्हटले असते. उणे माप खड्ड्यात होते. त्याची शिक्षा त्याच्या लेकीच्या लग्नास का व्हावी?

मग मार्ग कोणता? करारभंगाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, हे 1872 च्या करार कायद्यातच आहे. त्याखेरीज 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष सेवेविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि ती वकिलावाचून स्वतः मांडता येते. आयोगामार्फत मध्यस्थीचीही सोय आहे. अशा ठिकाणी जाणे म्हणजे ज्ञातिद्रोह नव्हे.

आम्हांस तेथवर जावे लागले नाही. दिवाळीपूर्वी कंत्राटदार स्वतः आले आणि ओटीवर बसून म्हणाले, "गुरुजी, खरं सांगतो. काम हातचं जाऊ नये म्हणून दर पाडून घेतलं होतं. कुठंतरी कसर काढणं भाग होतं." हे वाक्य आम्ही विसरणार नाही. पाडून घेतलेल्या दराची कसर जमिनीखाली, जेथे मालकाचा डोळा पोचत नाही, तेथेच निघते. त्यांनी लोखंड आणले, खांब पुरले, टेके दिले, आठवडाभर पाणी घातले. त्याच सायंकाळी आम्ही 14,000 रुपये देऊन पावती घेतली. दोन मजुरांची मजुरी त्यांनी आमच्यासमोर चुकती केली. त्यानंतरच्या पावसाळ्यांत एकही खांब हललेला नाही. मात्र त्यांचे आमच्याकडे येणे अद्याप पूर्वीसारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. सचोटीचा आग्रह धरण्याची एवढी किंमत पडते, आणि ती द्यावी.

मंडळास आमची नम्र विनंती तीन गोष्टींची आहे. एक, ज्ञातीत काम देताघेताना मापे, माल आणि टप्पे कागदावर लिहिण्याचा परिपाठ पडावा. लिहून घेणे हा अविश्वास नव्हे, ती दोघांची आठवण आहे. दोन, खड्डे बुजण्यापूर्वी ते पाहिल्यावाचून पुढील टप्प्याचे पैसे देऊ नयेत. तीन, मंडळाने दोन जाणकार नेमावेत, की ज्यांनी तंटा झाल्यास फीत घेऊन जागेवर जावे, जे मोजले ते लिहून द्यावे, आणि याहून अधिक अधिकार स्वतःकडे घेऊ नये.

ज्ञातीचे मंडळ हेही एक कुंपणच आहे. त्याच्या तारा कितीही ताणल्या, तरी खांब खोल असतील तरच ते उभे राहील. आणि ते खांब म्हणजे आपापसांतील खरे माप.