जुन्या लाकडाचे मोल

(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



देवळाच्या कामाविषयी बोलण्याआधी आपणांस मनाने पुण्यास, दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात नेतो. दारात उभे राहून वर पाहा. नक्षीदार लाकडी सज्जा दिसेल. आता खांब पाहा. वर निमुळते होत गेलेले, सुरूच्या झाडासारखे. म्हणून त्यांस सुरूचे खांब म्हणतात. माथ्याशी केळफुलाची नक्षी. बागेतले झाड आणि परसातली केळ सुताराच्या पटाशीने वाड्यात आणली.

1818 साली पेशवाई गेली. 1821 साली याच वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. 1879 साली आगीत वाड्याची पूर्वेची बाजू जळाली. पुणेकरांनी वर्गणी केली, नगरपालिकेने हातभार लावला आणि ती पुन्हा उभी राहिली. धनी गेला, तरी वाडा राहिला. कारण लोकांनी तो आपला मानला.

आपणही देवळासाठी तेच करीत आहोत. मात्र एक विनंती आहे. जुना खांब काढण्यापूर्वी जाणत्या सुतारास दाखवावा. बुडाशी कुजला असेल, तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांधता येते. नक्षीवर ऑइलपेंटचे थर चढवू नयेत. कोरीव रेषा बुजून जातात. फरशी केव्हाही नवी मिळेल, पण ती नक्षी कोरणारा हात परत येणार नाही.

आपल्या वर्गणीत नव्याबरोबर जुन्याचाही वाटा राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.