पालखीमागून जाणारं पाणी

मंडळी, पुण्यात मोरीत ओतलेलं पाणी कुठे जातं? नाल्यातून मुठेत. संगमावर मुळा भेटते; पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. हे पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठतं. सोलापूरकर तेच पितात. धरणाखाली, पंढरपुरात, हीच भीमा चंद्रभागा होते. वारकरी तिच्यात स्नान करतात.

सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. पुरेशी शुद्धीकरण केंद्रं पालिकेकडे मागायलाच हवीत. पण तळणीचं तेल, रंग, उरलेली औषधं मोरीत न ओतणं आपल्याच हाती आहे.

पुण्यातून पालख्या निघताना आपण हात जोडतो. आपलं सांडपाणीही पंढरपूरलाच निघालेलं असतं!