परसातला माझा शब्द

(बोरी अरब, ता. दारव्हा येथे महिला मेळाव्यात मांडलेले मनोगत)



मला भाषण येत नाही. माझ्या परसबागेचंच सांगते.

मिरगाचा पाऊस पडला तशी घरामागं अंबाडी, चवळी, सांबार पेरला, वांग्याची रोपं लावली. दोडक्याचा वेल कुंपणावर चढवला. जुलैच्या झडीत सांबार सडला, वांग्याची काही रोपं मेली. चवळी मात्र इतकी आली, की शेजारणींनाही दिली. पोळ्यानंतर वांग्यात अळी शिरली. शेंडे सुकले, फळं किडली.

घरधनी म्हणाले, "कपाशीचं औषध उरलंय, मारून देतो." मी नको म्हटलं. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीस-एक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या औषधानं माणूस मरतो, ते लेकरांच्या ताटात कसं वाढू? दोन दिवस घरात अबोला होता. मी रोज सकाळी सुकलेले शेंडे, किडकी फळं तोडून जाळली, निंबोळीचा अर्क शिंपडला. निम्मी वांगी गेली, निम्मी हाती लागली.

शेतात निंदण मी करते, कापूस मी वेचते. पण काय पेरायचं, कोणतं औषध आणायचं, हे मला कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. परसात मात्र माझा शब्द चालला. म्हणून घरी सांगून ठेवलंय : पुढच्या हंगामात कपाशीचं औषध आणण्याआधी मलाही विचारायचं.

बायांनो, तुम्हीही सांगा.