दोन खटक्यांमधले अंतर



या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. मी दहावीच्या पुढे शाळेत गेलो नाही. जे काही शिकलो ते यंत्रापुढे, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. त्यामुळे ‘युद्धकाळातील बाँबफेकी विमानाच्या छोट्या प्रतिकृतीचे कॉकपिट’ असा विषय मी कळविला, तेव्हा चालकांनी पुन्हा निरोप पाठवून विचारले की, विषय बरोबर लिहिला आहे ना? बरोबरच लिहिला आहे. हे वेड मला वीस वर्षांचे आहे, आणि त्याचा माझ्या कामाशी काय संबंध, तेच आज सांगावयाचे आहे.

विमान आहे बोइंग कंपनीचे बी-१७. ते २८ जुलै १९३५ रोजी प्रथम उडाले आणि युद्ध संपेपर्यंत अशी १२,७३१ विमाने बांधली गेली. चार इंजिने, दहा माणसे, पंखांचा पसारा जवळजवळ १०४ फूट. एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात तो २६ इंच भरतो. म्हणजे प्रतिकृती जेवणाच्या टेबलावर मावते, पण मग घरच्यांना जेवायला जागा राहात नाही! हे यंत्र संहाराचे होते, याचा मला विसर पडलेला नाही. त्याने शहरांवर बाँब टाकले. आणि इंग्लंडमधून ही व अशी विमाने उडविणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाची २६ हजारांवर माणसे मेली. त्यांतली कितीतरी विशीतली पोरे होती.

बाजारच्या पेटीत कॉकपिटसाठी फारसे काही नसते. दोन खुर्च्या, दोन चाकांचे दांडे आणि एक सपाट फळी. बाकीचे आपण करावयाचे. मी आधी भिंतींना मंद गडद हिरवा रंग देतो. उपकरणांची फळी काळी रंगवून वाळली की सुईच्या टोकाने तबकड्यांवर पांढरे आकडे व काटे उमटवितो, आणि प्रत्येक तबकडीवर पारदर्शक वार्निशचा एक थेंब सोडतो. तीच तिची काच. विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार सोडवून तिच्या नळ्या करतो. प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढली की केसासारखा धागा निघतो, त्याचे खटके होतात. खुर्चीचे पट्टे कागदी चिकटपट्टीचे. शेवटी शिसपेन्सिलीची पूड बोटावर घेऊन जिथे बूट घासतात, जिथे हात टेकतो, तिथे चोळावयाची. रंग कुठे झिजला हे कळले की माणूस कसा बसत होता, कसा उठत होता, तेही कळते.

दोन वैमानिकांच्या मध्ये एक चौथरा आहे. त्यावर इंजिनांची गती राखणाऱ्या दांड्यांची रचना पाहण्यासारखी आहे. वरची मूठ धरली तर बाहेरची दोन इंजिने, खालची धरली तर आतली दोन, आणि मधली धरली तर चारही एका हाताने चालतात. माणसाच्या पंजाचा विचार करून कोणीतरी ही मूठ घडविली, हे बघताच लक्षात येते. पण त्याच चौथऱ्यावर दोन लहान खटके आहेत, सारख्याच घडणीचे आणि जवळजवळ. एक चाके वर-खाली करण्याचा. दुसरा पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या हलविण्याचा. एक इंचाचा खटका माझ्या प्रतिकृतीत अर्ध्या मिलिमीटरचा होतो. तो बसविताना श्वास रोखून धरावा लागतो.

युद्धात असे वारंवार घडू लागले की, विमान सुखरूप उतरे, धावपट्टीवरून धावू लागे, आणि वैमानिक फ्लॅप मिटण्याऐवजी चाके उचलून मोकळा होई. विमान पोटावर आदळे. चौकशीत एकच शेरा पडे : वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ तेव्हा ओहायोतील राइट फील्ड येथे हवाई दलाच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. त्याने एक साधी गोष्ट पाहिली. सी-४७ या मालवाहू विमानाचे वैमानिक ही चूक करीत नव्हते. ती माणसे काही अधिक हुशार नव्हती. त्यांच्या विमानात या दोन कळा वेगळ्या घडणीच्या होत्या. मग चॅपॅनिसने काय सुचविले? चाकांच्या कळीला रबराचे छोटे चाक लावा आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हात अंधारातही ओळखील. आज प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपच्या दांड्याची फ्लॅपसारखी असते, तिचे मूळ या विचारात आहे.

पुढे १९४७ साली फिट्स आणि जोन्स या दोघांनी वैमानिकांच्या ४६० चुकांच्या हकिगती गोळा केल्या. त्यांतल्या सुमारे निम्म्या एका कळीऐवजी दुसरी कळ हलविल्याच्या होत्या. इतकी माणसे एकाच तऱ्हेने चुकत असतील, तर माणसांना शिक्षा करून काय साधणार?

आता माझी गोष्ट सांगतो. १९९६ साली मी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये होतो. आमच्या प्रेसवर दोन काळी बटणे शेजारी शेजारी होती. एक डाय बसविताना रॅम थोडा थोडा खाली आणण्याचे, दुसरे पुऱ्या ठोक्याचे. तिसऱ्या पाळीत पहाटे चारच्या सुमारास माझा जोडीदार डाय बसवीत होता. डावा हात आत, उजवा बटणावर. बोट चुकले. दोन बोटे गेली. यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण घालावे, असे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात होते. तरी चौकशीच्या कागदावर शेरा पडला : कामगाराचा निष्काळजीपणा.

मी तेव्हा युनियनच्या कमिटीवर नवीन होतो. भाषण करता येत नव्हते. रात्री बसून पुठ्ठ्याची प्रेस केली, बटणे मापाबरहुकूम बसविली आणि ती चौकशीच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांना म्हटले, “नजर डायवर ठेवा, आणि मी सांगेन ते बटण दाबा.” पाच वेळा सांगितले, दोन वेळा ते चुकले. त्यांना झोप अनावर झालेली नव्हती, आणि त्यांचा हातही प्रेसमध्ये नव्हता.

महिन्याभरात ठोक्याचे बटण दुसऱ्या बाजूला गेले, लाल झाले, त्याभोवती कडे बसले. जोडीदाराची बोटे काही परत आली नाहीत, आणि कागदावरचा शेराही कोणी खोडला नाही. तो आजही मला भेटला की डावा हात खिशात ठेवतो. ‘चूक माझीच होती रे,’ असे तो कितीतरी वर्षे म्हणत असे. शेऱ्याने त्याचे हे नुकसान केले, आणि त्याची भरपाई कोणत्याही कोष्टकात नाही.

चॅपॅनिसची हकिगत मी पुष्कळ वर्षांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकात, शब्दकोश मांडीवर घेऊन, वाचली. दुसऱ्या दिवशी जोडीदाराच्या घरी जाऊन त्याला ती वाचून दाखविली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे एवढी शिकलेली माणसं पण चुकायची?” त्यानंतर ‘चूक माझीच’ हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत. बी-१७ ची पहिली पेटी मी आणली ती त्याच महिन्यात.

विमानाचे दोन्ही अर्ध एकदा चिकटविले की कॉकपिटातले फारसे काही दिसत नाही. लोक विचारतात, मग एवढे डोळे फोडून काय उपयोग? मी म्हणतो, बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही हे खरे. पण आत जो बसला होता त्याच्या हाताशी तेवढेच होते. दोन्ही खटके मी सारखेच करतो आणि जवळजवळच लावतो, जसे होते तसे. ते सुधारून लावण्याचा मला अधिकार नाही.

आपल्याला एकच विनंती. उद्या वर्तमानपत्रात ‘चालकाची चूक’, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे वाचाल, तेव्हा एवढे विचारा की त्याच्या हाताशी कळा कशा होत्या, कितवी पाळी होती, आणि त्या जागी आपण बसलो असतो तर काय केले असते. हे विचारायला पदवी लागत नाही.  प्रतिकृती व्यासपीठाखालच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना जरूर पाहावी. भिंग शेजारीच आहे.