शिबिराचे शेवटचे दोन दिवस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे घोकवून घेण्यात गेली. कार्यवाहांनी मला ‘युवक आणि ग्रामसेवा’ असा भारदस्त विषय दिला आहे. त्यातले मला नीट ठाऊक आहेत ते केवळ दोन दिवस, तेवढेच सांगतो.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, हे आपणांस ठाऊकच आहे. १९९६ च्या जानेवारीत नागपूरच्या एका महाविद्यालयाचे त्या योजनेचे शिबिर मी शिक्षक होतो त्या गावी आले. गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले, नवेगावबांधपासून फार दूर नव्हे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यातच होतो. पन्नासएक मुले-मुली सात दिवस शाळेच्या खोल्यांत राहिली. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. तलावाचा पाट गाळाने व बेशरमाच्या झुडपांनी बुजला होता. तो मोकळा करणे हे त्यांचे काम.

तलाव मालगुजारी काळातला. आपल्या पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगतात. पूर्वी पाळीवर माती टाकणे, तुडूम दुरुस्त करणे, पाट उपसणे ही कामे ज्यांच्या बांध्यांना पाणी मिळे तेच लोक करीत. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘तलाव सरकारचा, पाट सरकारचा’ असे आपण म्हणू लागलो. पाणी तेवढे आपले राहिले!

पाच दिवस मुलांनी घमेली वाहिली. तळहातांना फोड आले, तरी कोणी कुरकुर केली नाही. गावकरी पाळीवर उभे राहून कौतुकाने पाहत. मीही त्यांतच होतो. सहाव्या दिवशी सकाळी पाट मोजला, तो निम्म्याहून थोडा अधिक निघालेला. आता आम्ही उतरावयास हवे होते. शिबिराचे शेवटचे दोन दिवस पाहुण्यांचे नसतात, यजमानांचे असतात, हे मला तेव्हा सुचले नाही. आम्ही मंडप घातला, हार-नारळ आणविले, व्यासपीठावर कोण कोठे बसणार यावर दीड तास वाद घातला, आणि मुलांनाही गाणी बसविण्यास सांगितले.

दुपारी तिघेच पाटावर गेले. त्यांतली एक मुलगी संध्याकाळी चिखलाच्या पायांनी माझ्या दाराशी उभी राहिली. “गुरुजी, उरलेला पाट कोण काढणार? आणि पुढल्या वर्षी?”

“पोरी, त्याची चिंता तू करू नको,” मी म्हणालो.

सातव्या दिवशी निरोपाची सभा झाली. माझे भाषण गाजले. ‘हा पाट आम्ही डोळ्यांत तेल घालून जपू,’ असे मी म्हणालो व टाळ्या घेतल्या. आयाबायांनी पोपटाच्या शेंगांची गाठोडी मोटारीत चढविली. मोटार गेली, शाळेच्या ओसरीवर मुलांनी ठेवलेली सहा फावडी राहिली.

पुढे एकाही घरून एक घमेले उचलले गेले नाही. माझ्याही नाही. पाट पुन्हा बुजला. १९९८ च्या दिवाळीत त्या मुलीचे पोस्टकार्ड आले. तीही आता शिक्षिका झाली होती. चार ओळींचा मजकूर, आणि शेवटी प्रश्न: पाट वाहतो का?

मी उत्तर धाडले: वाहतो.

खोटे बोलणाऱ्या मुलांना मी छड्या मारल्या आहेत. ते कार्ड पेटीत टाकल्यापासून वर्गात उभे राहणे मला जड जाऊ लागले. आठ दिवसांनी ती फावडी घेऊन पाटावर गेलो. बरोबर माझा मुलगा आणि ज्यांच्या बांध्या पाटाच्या टोकाला होत्या असे तिघे शेतकरी. वरच्या अंगाचे लोक प्रथम हसले. त्यांना पाणी मिळतच होते. संक्रांतीपर्यंत चौदाजण झाले. शेवटच्या बांधीत पाणी पोहोचावयास मात्र आणखी एक हिवाळा लागला.

मग मी तिला दुसरे पत्र लिहिले आणि पहिले खोटे होते हे कबूल केले. त्याचे उत्तर आले नाही. पत्ता बदलला असेल, अथवा तिला वाईट वाटले असेल.

असो. येत्या जानेवारीत आमच्या गावी पुन्हा शिबिर येत आहे. त्यांच्या प्राध्यापकांना मी सांगून ठेवले आहे की निरोपाची सभा अर्ध्या तासाची होईल आणि हार नसतील. आपल्या मंडळाची त्या गावात जी घरे आहेत, त्यांनी सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता घरटी एक माणूस पाटावर पाठवावा. फावडे ज्याचे त्याने आणावे. शाळेत सहाच आहेत, आणि त्यांतल्या दोहोंचे दांडे मोडले आहेत.